जुनं विमान, जुना रंग: सिम्युलेटरसाठी विमान रंगवायची एका पेंटरच्या पोराची पद्धत

माझे वडील, नाना, धुळ्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवत आले. आग्रा रोडवरच्या दुकानांच्या पाट्या, हायवेवर थांबलेल्या ट्रकच्या पाठी, नंबरप्लेटा. फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले. मी सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी, पहिलं विमान रंगवलं ते एअर इंडियाचं बोइंग ७०७. मोठ्या हौसेने त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनच्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, "पट्टा वाकडा शे रे."

पट्टा मी पट्टी लावून काढला होता. पण सपाट चित्रावर. विमानाच्या गोल नाकावर तोच पट्टा चार बोटं खाली घसरलेला दिसत होता. त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: आपण चित्र रंगवत नाही, विमान रंगवतो. तेही "त्या कंपनीचं" विमान नाही, एका नंबरचं, एका दिवशी धावपट्टीवर उभं असलेलं एक विमान. पुढे जे लिहिलंय ते याच हिशेबाने.

आधी नंबर आणि तारीख ठरवा

"एअर इंडियाचा जुना रंग" असं म्हणून कामाला लागलात की फसलात. असा एक रंग कधी नव्हताच. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं कॉन्स्टेलेशन वेगळं, १९६० मध्ये आलेलं ७०७ वेगळं, १९७१ मध्ये आलेलं जंबो (बोइंग ७४७) आणखी वेगळं. १९८९ मध्ये कंपनीने सगळा पेहरावच बदलायला घेतला आणि लोकांना तो पसंत न पडल्याने थोड्याच काळात जुन्याकडे वळली. त्या मधल्या काळात दोन्ही रंगांची विमानं एकाच वेळी उडत होती. तारीख न ठरवता छायाचित्रं गोळा केली की शेपटी एका वर्षाची, नाक दुसऱ्याच वर्षाचं असं कडबोळं होतं.

म्हणून कागदावर आधी दोनच गोष्टी लिहा: नोंदणी क्रमांक आणि वर्ष. उदाहरणार्थ व्हीटी-ईबीडी, "एम्परर अशोक", एअर इंडियाचं पहिलं ७४७. हे १९७१ ला आलं आणि १ जानेवारी १९७८ ला मुंबईच्या समुद्रात कोसळलं. म्हणजे या नंबरावर १९८० च्या दशकातली कुठलीही खूण दिसली तर ती चूक. नाकाजवळ लिहिलेल्या नावांचीही रीत होती: कॉन्स्टेलेशनना राजकन्यांची (मलबार, राजपूत, मुघल), ७०७ ना हिमशिखरांची, ७४७ ना सम्राटांची. नंबर आणि नाव यांची जोडी छायाचित्रात पाहिल्याशिवाय लिहू नका.

एक माझ्यापुरता नियम सांगतो, पटला तर घ्या. "एम्परर कनिष्क" मी रंगवत नाही. २३ जून १९८५ ला त्यात ३२९ माणसं गेली. ते हौशीने उडवायला मन होत नाही.

मॉडेल: इंजिनाकडे बघा

रंग कितीही अचूक असला तरी खालचं मॉडेल, म्हणजे ज्यावर रंग चढतो तो विमानाचा आकार, चुकीचं असेल तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो. एअर इंडियाची सुरुवातीची ७०७ ही ४३७ प्रकारची, रोल्स रॉइसच्या कॉनवे इंजिनांची. नंतर आलेली ३३७ प्रकारची, प्रॅट अँड व्हिटनीची. दोघांच्या इंजिनांचं कवच अगदी वेगळं दिसतं. इंडियन एअरलाइन्सचंही तसंच: १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६० च्या दशकात फॉकर फ्रेंडशिप आणि कॅरव्हेल, मग ७३७-२००, १९७६ मध्ये एअरबस ए३००. ७३७-२०० च्या जागी ७३७-८०० वर नारिंगी शेपटी चढवून समाधान मानणारे खूप आहेत. हौसेला मोल नाही, पण ते जुनं विमान नव्हे.

पहिलंच काम असेल तर मी सांगेन, जंबोच्या नादी लागू नका, डाकोटा (डीसी-३) घ्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स उभी राहिली तेव्हा तिच्याकडे आलेली बरीचशी विमानं डाकोटाच होती, आणि मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या ४० व्या वर्षाच्या आवृत्तीत डीसी-३ फुकट मिळालंय. शिवाय यात एक गणित आहे. डाकोटाची लांबी १९.७ मीटर. विमानाचं कातडं ज्या चौकोनी चित्रावर पसरलेलं असतं त्या ४०९६ पिक्सेलच्या पानावर ती पूर्ण बसवली तर मीटरला २०८ पिक्सेल मिळतात, एक पिक्सेल म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. ७४७ ची लांबी ७०.६ मीटर. त्याच पानावर मीटरला ५८ पिक्सेल, एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. नवशिक्याला डाकोटावर चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते. जंबोवर चूक कुठे आहे हेच कळत नाही.

छायाचित्रं आणि त्यांचे खोटे रंग

नंबर टाकून शोधलं की हौशी छायाचित्रकारांचे संग्रह सापडतात. कंपन्यांची जुनी पोस्टकार्डं, वेळापत्रकं, मासिकांतल्या जाहिराती हाही माल आहे. पण जाहिरातीतलं विमान बऱ्याचदा हाताने रंगवलेलं असतं, त्यावरून रंग उचलू नका. निदान तीन छायाचित्रं हवीत: डावी बाजू, उजवी बाजू, आणि वरून किंवा तिरकं घेतलेलं एक, ज्यात पंख दिसतील.

रंग उचलायच्या आधी फिल्म कोणती होती ते पाहा. कोडॅक्रोमच्या स्लाइड अंधारात ठेवल्या तर पन्नास वर्षांनीही रंग धरून असतात. त्याच काळातल्या एक्टाक्रोमच्या कितीतरी स्लाइड आणि साधे रंगीत प्रिंट मात्र जांभळट-लाल होऊन गेलेत. अशा प्रिंटवरून थेट रंग उचलला तर एअर इंडियाचा लाल गुलाबी येतो आणि इंडियन एअरलाइन्सचा नारिंगी विटकरी. उपाय साधा आहे. चित्रात असं काहीतरी शोधा ज्याचा खरा रंग आपल्याला माहीत आहे: विमानाचं पांढरं छत, धावपट्टीचं काँक्रीट, काळे टायर. आधी ते पांढरे, राखाडी, काळे दिसेपर्यंत चित्र दुरुस्त करा, मग लाल रंग उचला. दोन वेगळ्या छायाचित्रांतून उचललेला रंग साधारण जुळला तर विश्वास ठेवा.

कॉम्प्युटरवर रंगाची उजळी शून्य (काळा) ते २५५ (पांढरा) अशी मोजतात. पांढरा म्हणजे अगदी २५५ नको. सिम्युलेटरच्या उन्हात तो भाजून निघतो आणि पत्र्याच्या जोडरेषा दिसेनाशा होतात. मी २३० च्या आसपास थांबतो. काळाही शून्यावर नेत नाही, २० ते २५ ठेवतो. छत पांढरं ठेवायचं कारण आपल्याकडच्या माणसाला समजवायची गरज नाही. मे महिन्यात स्लॅबवर चुना मारतात तेच कारण: उन्हात उभ्या विमानाचं आतलं तापमान कमी राहतं.

आकड्यांचं जाळं

आता विमानाचं सोलून पसरवलेलं कातडं हातात घ्यायचं. मॉडेल बनवणाऱ्याने थरांची फाइल दिली असेल तर उत्तम. नसेल तर मूळ टेक्स्चर (विमानावर चढणारं चित्र) उघडा, त्याची प्रत करा आणि मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

रंगाला हात लावण्याआधी मी एक काम करतो जे शंभरातले नव्वद जण टाळतात. पूर्ण पानावर ६४ पिक्सेलच्या चौकोनांचं जाळं काढतो, प्रत्येक चौकोनात आकडा. ते तसंच सिम्युलेटरमध्ये चढवतो. विमान बुद्धिबळाच्या पटासारखं विद्रूप दिसतं, पण सगळं गुपित उघडं पडतं. कुठे चौकोन ताणलेत (नाक आणि शेपटीकडे हमखास), पानाचा कुठला तुकडा विमानाच्या कुठल्या भागावर येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठले आकडे उलटे, आरशातल्यासारखे दिसतात. उलटे आकडे दिसले तर समजा, मॉडेलवाल्याने एकच तुकडा दोन्ही बाजूंना वापरलाय. तिथे अक्षर लिहिलं तर एका बाजूला ते उलटं येणारच. इंजिनांच्या कवचांवर हे नेहमी असतं. शेपटीवर असेल तर तो मॉडेलच सोडून द्या.

पट्टा

आता नानांच्या तक्रारीकडे येऊ. ट्रकच्या फळीवर सरळ रेघ मारायला नाना गेरूत बुडवलेली सुतळी वापरायचे. दोन टोकं ताणून धरायची, मधून उचलून सोडायची, रेघ तयार. विमान रंगवणाराही खरी रेघ विमानावर आखतो, कागदावर नाही. आपल्याला ते उलट्या दिशेने करायचंय.

खिडक्या ही तुमची फूटपट्टी. बोइंगच्या ७०७, ७३७ आणि ७४७ मध्ये एका खिडकीच्या मध्यापासून पुढच्या खिडकीच्या मध्यापर्यंत २० इंच असतात. बाजूने काटकोनात घेतलेल्या छायाचित्रात हे अंतर मोजलं की बाकी सगळं मोजता येतं: पट्टा किती रुंद, अक्षरं किती उंच, पट्टा पहिल्या खिडकीच्या किती पुढे वळायला लागतो. मी सगळी मापं "खिडक्यां"मध्येच लिहून ठेवतो. अक्षराची उंची अडीच खिडक्या, असं.

मधल्या नळीसारख्या भागावर पट्टा सरळ राहतो, तिथे त्रास नाही. नाकावर मात्र जाळ्यातल्या प्रत्येक उभ्या रेषेवर एकाखाली एक आकडे घातलेले ठिपके टाका. सिम्युलेटरमध्ये कॅमेरा लांब न्या आणि झूम करून विमान अगदी बाजूने बघा. जवळून पाहिलं तर कोन फसवतो. छायाचित्र शेजारी ठेवून प्रत्येक उभ्या रेषेवर पट्ट्याची वरची कड कुठल्या ठिपक्यावर यायला हवी ते टिपा. मग इंकस्केप या रेखाचित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते ठिपके एका वळणदार रेषेने जोडा. खालच्या कडेसाठी पुन्हा तेच. पहिल्या वेळी तीन-चार फेऱ्या होतात. पानावर ती रेषा विचित्र, फुगलेली दिसेल. दिसू द्या. विमानावर ती सरळ दिसली म्हणजे झालं.

डाकोटाबाबत एक इशारा. ते शेपटी टेकवून उभं राहतं, त्यामुळे जमिनीवरच्या छायाचित्रात पट्टा चढणीला लागल्यासारखा दिसतो. छायाचित्र आधी फिरवून विमानाची नळी आडवी करून घ्या.

अक्षरं

इथे मराठी माणसाचं पारडं जड असायला हवं, पण इथेच सगळ्यात जास्त चुका दिसतात. आपल्या सरकारी विमान कंपन्यांच्या विमानांवर एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला देवनागरी नाव असायचं. कुठल्या बाजूला काय, ते त्याच नंबरच्या छायाचित्रातून ठरवा. छायाचित्र आरशात उलटं छापलेलं नाही ना, हेही नोंदणी क्रमांक वाचून तपासा.

देवनागरी थेट टाइप करायला गेलात तर काही जुन्या चित्रप्रणालींत "इंडिया"चा घोटाळा होतो: ड च्या आधी यायची ह्रस्व वेलांटी ड च्या नंतर जाऊन बसते. परदेशी हौशी माणसाला ते कळत नाही आणि असं चुकलेलं विमान जगभर फिरतं. गिंप (फोटोशॉपसारखंच एक सॉफ्टवेअर) आणि इंकस्केपमध्ये सहसा बरोबर येतं. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व लिप्यांसाठीची मांडणी निवडावी लागते.

पण खरं सांगू का, टाइप करूच नका. ती अक्षरं फॉन्टची नव्हती, काढलेली होती. आजच्या फॉन्टमधला अ आणि तेव्हाचा अ शेजारी ठेवा, पोटाचा घेर आणि शिरोरेषेची जाडी दोन्ही वेगळे निघतील. छायाचित्र खालच्या थरावर ठेवून वेक्टरमध्ये (मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांच्या चित्रात) गिरवा. हात बसला नसेल तर गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जा. कोरलड्रॉवर बसलेला तिथला मुलगा श्रीलिपीच्या फॉन्टमधलं सगळ्यात जवळचं अक्षर कर्व्ह करून, म्हणजे रेषांत बदलून, देईल, मग बिंदू ओढून ते मूळ छायाचित्राशी जुळवा. नानांचं एक वाक्य इथे कामी येतं: "अक्षर पाहून नको काढू, जागा पाहून काढ." गोल पृष्ठभागावर अक्षराचा वरचा भाग मागे झुकतो आणि खालून पाहणाऱ्याला बुटका दिसतो. पानावर अक्षर किंचित उंच काढावं लागतं.

इंग्रजी नावातही एक बारकावा आहे. त्या काळच्या विमानांवर एअर आणि इंडिया यांच्या मध्ये छोटी आडवी रेघ आहे. ती विसरू नका. नोंदणी क्रमांक शरीराच्या मागच्या भागावर असतोच, शिवाय डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतो. तोही लिहा, कोणी खालून बघणार नाही असं धरून चालू नका.

झरोखे

७४७ च्या प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप, राजवाड्याच्या झरोक्यासारखी. "आकाशातला राजवाडा" अशी जाहिरात होती, तिला शोभणारी. २०२३ मध्ये कंपनीने नवा रंग आणला, त्यातलं सोनेरी चिन्हसुद्धा या खिडकीच्या चौकटीवरूनच बेतलंय.

रंगवायला मात्र हे घाम काढतं. वरचं गणित आठवा: मीटरला ५८ पिक्सेल, म्हणजे २० इंचांत २९ पिक्सेल. एवढ्यात खिडकी, तिची चौकट, महिरप आणि दोन महिरपींमधली फट बसवायची. लाल रेषेच्या वाट्याला दोन पिक्सेल येतात. एक महिरप चौपट मोठ्या आकारात वेक्टरमध्ये नीट काढा, तिच्या प्रती २९ पिक्सेलवर नाही तर मॉडेलवरच्या खऱ्या खिडक्यांच्या मध्यावर ठेवा आणि सगळं शेवटी एकदाच लहान करा. दारांजवळ अंतर बदलतं, तिथे हाताने. मी पहिल्यांदा सगळ्या एका दमात कॉपी केल्या, आणि मागच्या दारापाशी पोचेपर्यंत महिरप खिडकीच्या अर्ध्यावर सरकली होती.

दुसरा धोका जतन करताना. डीएक्सटी पद्धतीत चित्र ४ गुणिले ४ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबलं जातं आणि प्रत्येक तुकड्याला मूळ रंग दोनच मिळतात, बाकीचे त्यांच्या मिश्रणातून. लाल, पांढरा आणि चौकटीचा राखाडी असे तीन रंग एका तुकड्यात आले की चिखल होतो. जुन्या सिममध्ये फक्त शरीराचं पान न दाबता ३२ बिटमध्ये ठेवा. ४०९६ च्या पानाला १६ ऐवजी ६४ एमबी लागतात, पण झरोखे स्वच्छ राहतात. मिपमॅपही (लांबून दाखवायच्या, त्याच चित्राच्या लहान प्रती) ठेवा, नाहीतर विमान लांब गेलं की त्या बारीक रेषा मुंग्यांसारख्या वळवळतात.

चमक

जुन्या विमानांचं पोट उघड्या ॲल्युमिनियमचं असायचं. ते राखाडी रंगवलं तर सिमेंटचं वाटतं. चमक रंगात नसते, वेगळ्या थरात असते. मायक्रोसॉफ्टच्या एफएसएक्ससारख्या जुन्या सिममध्ये ती अल्फा थरातून (लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीच्या चौथ्या थरातून) येते: साधारणपणे थर जितका गडद तितकं प्रतिबिंब जास्त. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिममध्ये एका वेगळ्या चित्राच्या हिरव्या थरात खरखरीतपणा आणि निळ्या थरात धातूपणा असतो. उघड्या पत्र्याला निळा थर पूर्ण पांढरा, आणि मूळ रंग फिका राखाडी. पत्र्यागणिक खरखरीतपणा थोडा थोडा बदला, कारण खऱ्या विमानाचे सगळे पत्रे एकाच दिवशी घासलेले नसतात.

मळ घालताना हात आखडता. मळ वाऱ्याच्या दिशेने मागे आणि खाली जातो, इंजिनाच्या मागे आणि पोटावर साचतो. आमच्याकडच्या एसटीसारखा सगळीकडून सारखा नसतो.

फोल्डर आणि फाइल

एक्स-प्लेन हे सिम सगळ्यात सोपं. विमानाच्या फोल्डरमध्ये "लिव्हरीज", त्यात तुमच्या रंगाच्या नावाचं फोल्डर, त्यात "ऑब्जेक्ट्स", आणि आत मूळ नावाचीच पीएनजी. झालं.

एफएसएक्समध्ये चित्राची डीडीएस फाइल उभी उलटी करून जतन करावी लागते. माझ्या पहिल्या ७०७ वर सुरुवातीला रंग उलटा चढला होता तो यामुळेच. मग "टेक्स्चर" पासून सुरू होणारं नवं फोल्डर, आणि एअरक्राफ्टच्या सीएफजी फाइलमध्ये नवा विभाग. विभागांचे क्रमांक शून्यापासून सलग हवेत. मधला एक सुटला की पुढची विमानं यादीत दिसत नाहीत. टायटल दुसऱ्या कुठल्याही विमानाशी जुळता कामा नये. १०२४ पेक्षा मोठी पानं दिसायला हवी असतील तर मुख्य सेटिंग फाइलमधली टेक्स्चरची मर्यादा ४०९६ करा.

२०२० च्या सिममध्ये कम्युनिटी फोल्डरमध्ये पूर्ण पॅकेज लागतं. तिथे लेआउटच्या जेसन फाइलमध्ये प्रत्येक फाइलचं नाव आणि आकार नोंदलेला असतो. तुम्ही चित्र बदललं आणि ती यादी ताजी केली नाही तर सिम जुनंच धरून बसतं आणि तुम्ही तासभर डोकं खाजवता. ही यादी आपोआप बनवणारं छोटं साधन मिळतं, तेच वापरा. टेक्स्चरच्या सीएफजीत मूळ फोल्डरचा रस्ता दिला नाही तर न बदललेले भाग चुकीचे दिसतात.

इतरांना देणार असाल तर फक्त तुमची चित्रं द्या, मॉडेल नाही. मॉडेलवाल्याने रंगाच्या फाइलबद्दल काय अटी घातल्यात त्या आधी वाचा.

उन्हात नेऊन बघा

रंग दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि ढगाळ हवेत असा तीनदा तपासा. दुपारी पांढरा भाजतो का, संध्याकाळी लाल काळा पडतो का. मी डाकोटा मुंबईहून भोपाळला सोडतो, कारण नकाशावर ती सरळ रेषा धुळ्याच्या जवळपास डोक्यावरून जाते. कसाऱ्याचा घाट ओलांडला, मालेगाव मागे पडलं की कॅमेरा बाहेर काढायचा, विमानाभोवती एक फेरी मारायची आणि दिसेल ती चूक कागदावर. मागच्या वेळच्या कागदावर नऊ चुका होत्या: उजव्या इंजिनामागे मळ नाही, डाव्या पंखाखालचा क्रमांक एक खिडकीभर मागे, दाराच्या फटीत पट्ट्याची जोड तुटलेली, वगैरे. नाना शेजारी खुर्ची ओढून बसले होते. दहावी चूक त्यांनी काढली. देवनागरी नावातल्या र चा पाय शेजारच्या अक्षराच्या पायापेक्षा दोन पिक्सेल वर होता.